चार जॉकी, एक लगाम

शर्यतींच्या त्या चार पानी साप्ताहिकात ‘दुर्बीण’ या नावानं अंदाज लिहिणारा माणूस बाई आहे, हे वाचकांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे कोणी मिशीवाला, निवृत्त लष्करी अधिकारी असावा. पत्रं यायची ती ‘आदरणीय दुर्बीणसाहेब’ अशी. प्रत्यक्षात दुर्बीणसाहेब सेहेचाळीस वर्षांच्या होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवायच्या, डबा घरून आणायच्या आणि छापखान्याच्या वरच्या मजल्यावर खिडकीशी बसायच्या. खाली यंत्र सुरू झालं की तिथली जमीन थरथरायची आणि टेबलावरची पेन्सिल आपोआप घरंगळायची. कचेरीत त्यांना सगळे बाई म्हणत. घरी एकच माणूस होतं, धाकटा भाऊ. तो ताई म्हणायचा.

हंगामातली सर्वांत मोठी हॅंडिकॅप शर्यत येत्या रविवारी होती. चोवीसशे मीटर, अठरा घोडे. सोमवारी दुपारी वजनांची यादी आली तेव्हा सगळे संपादकांच्या टेबलाभोवती जमले आणि नेहमीप्रमाणे वरून वाचायला लागले. बाईंनी आपली प्रत जागेवर नेली आणि खालून वाचायला घेतली. सर्वांत शेवटचं नाव, वजन साडेएकोणपन्नास किलो. ओठांपर्यंत गेलेला चहाचा कप त्यांनी तसाच खाली ठेवला. शेजारी मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांनी मान वर करून विचारलं, यादीत काही चुकलंय का.

“नाही,” बाई म्हणाल्या. “अगदी बरोबर आहे.”

ज्याला शर्यतीतलं ओ की ठो कळत नाही त्यालाही हॅंडिकॅप कळतो. वर्गातल्या हुशार पोराचं दप्तर जड करायचं, ढ पोराचं हलकं करायचं आणि म्हणायचं, आता पळा. घोड्याच्या मागच्या धावा पाहून हॅंडिकॅपर त्याच्या पाठीवरचं वजन ठरवतो. जिंकला की वाढवतो, हरत राहिला की उतरवतो. हॅंडिकॅपर कितीही सरळ असला तरी त्याला जेवढं दिसतं तेवढंच तो तोलणार. म्हणून ज्या ट्रेनरला डाव टाकायचा असतो तो चांगला घोडा वर्षभर हरवत ठेवतो, वजन उतरू देतो, आणि सगळ्यांनी त्याच्या नावावर फुली मारली की मोठ्या शर्यतीत मोकळा सोडतो. बुकी तेव्हा एकाला पंचवीस भाव देत असतात.

यादीतल्या त्या शेवटच्या घोड्याला प्रेक्षक गोगलगाय म्हणायचे. दोन हंगामांपूर्वी त्याच्या पाठीवर सत्तावन्न किलो होते. मग तो हरत गेला आणि वजन उतरत गेलं. पंचावन्न, त्रेपन्न, एकावन्न, आणि आता हे. त्याचा ट्रेनर साठीचा होता. पांढरी हॅट, पॉलिश केलेले बूट, आणि आवाज असा की समोरच्यानं पुढे वाकून ऐकावं. कोणावर ओरडल्याचं कोणी कधी ऐकलं नव्हतं. जॉकी त्याला मऊसाहेब म्हणत. बाई त्याला मनातल्या मनात वेगळं काही म्हणायच्या, ते छापण्यासारखं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी बाईंचा धाकटा भाऊ मऊसाहेबाच्या पागेत जॉकी होता. तेवीस वर्षांचा, अंगानं काडी, हातात जादू. एका शनिवारी पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या अंगणात, त्याला घोड्यावर चढवताना मऊसाहेबानं त्याचा बूट रिकिबीत नीट बसवला आणि हळूच म्हटलं, “आज याला फार घाम येऊ देऊ नकोस.” तेवढंच. अर्थ सगळ्या जॉकींना कळतो. धाकट्यानं लगाम आवळून धरला, जिंकणारा घोडा चौथा आणला. पण त्या दिवशी ते पंचांच्या नजरेत आलं. चौकशी बसली. बंद दारामागे मऊसाहेबानं धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड भरून सांगितलं, “मुलगा वाईट नाही. वाईट संगतीत सापडला. मला कल्पना असती तर मी त्याला मुलासारखं समजावलं असतं.” धाकटा काही बोललाच नाही. बोलून काय दाखवणार होता? साक्षीला होता तो एक रिकिबीचा पट्टा. त्या रात्री हे सगळं त्यानं एकदाच, फक्त ताईला सांगितलं.

सहा वर्षांची बंदी लागली. ती संपली तेव्हा त्याचं अंग सुटलं होतं, नाव विटलं होतं, आणि कोणी ट्रेनर त्याला पागेच्या दाराशी उभं करत नव्हता. तो लाँड्रीत इस्त्री करायला लागला. आई बंदीच्या तिसऱ्या वर्षी गेली. जाण्यापूर्वी तिनं त्याला जवळ बोलावून विचारलं होतं, “खरं सांग, पैसे घेऊन केलंस का?” त्यानं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते आईला कळलं नाही. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. ते विचारणं आणि ती हललेली मान बाईंनी उशाशी उभं राहून पाहिली होती.

बाई तेव्हा एका शाळेच्या पुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. आईचे दिवस सरल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि निम्म्या पगारावर या साप्ताहिकात आल्या. घोड्याचं पुढचं कोणतं आणि मागचं कोणतं, इथपासून शिकायला सुरुवात. लोकांना वाटलं, बाईला जुगाराचा नाद लागला. बाईंनी आजवर एका दमडीची पैज लावली नव्हती. त्यांना एकच घोडा मारायचा होता आणि त्याला दोन पाय होते.

एवढी वर्षं त्यांनी वाट पाहिली ती घाई करून काम बिघडू नये म्हणून. मऊसाहेबाच्या पागेतला प्रत्येक घोडा, त्याची प्रत्येक धाव, शेवटच्या चारशे मीटरची वेळ, सगळं त्या स्टॉपवॉचनं टिपत आणि वह्यांत उतरवत. मधल्या काळात दोनदा त्यांना संशय आला होता, पण संशयावर पंच कोणाला फाशी देत नाहीत. या वेळी मात्र गोगलगायीच्या पानावर एक चमत्कारिक गोष्ट जमली होती. मागच्या चार शर्यती. कधी मैदान कोरडं, कधी ओलं, कधी सोळाशे मीटर, कधी दोन हजार. तरी शेवटचे चारशे मीटर चारही वेळा सत्तावीस सेकंद. घड्याळ लावून यावा तसा हा घोडा हरत होता.

आणि दहा दिवसांपूर्वीची पहाट. बाई रपेटीच्या वेळी पलीकडच्या कुंपणाशी उभ्या होत्या. धुक्यातून दोन घोडे आले. एक याच पागेतला, गेल्या महिन्यात जिंकलेला. दुसरा गोगलगाय, आणि त्याच्या पाठीवर जॉकी नव्हता, पागेतला सत्तर किलोचा मोतद्दार होता. बाईंनी स्टॉपवॉच दाबलं. दोघे बरोबरीनं गेले. चारशे मीटर साडेतेवीस सेकंदांत! मोतद्दाराच्या अंगावर जाड कोट होता, तो धरला तर वजन आणखीच.

मंगळवारी बाईंनी बाकीच्या सतरांचा हिशेब मांडला, कारण एक घोडा चांगला आहे एवढ्यानं भागत नाही, तो इतरांना भारी पडेल का ते पाहावं लागतं. सर्वांत वर होता राखाडी, गेल्या वर्षीचा विजेता, पाठीवर एकसष्ट किलो आणि भाव एकाला तीन. घोडा पोलादी होता, पण एकसष्ट किलो घेऊन चोवीसशे मीटर ही हमाली झाली. दुसरा परदेशातून आणलेला, अठ्ठावन्न किलो. सुरुवातीला वाऱ्यासारखा सुटायचा आणि दोन हजारावर फुगा फुटायचा. मग एक घोडी, पंचावन्न किलो, धावायला लागली तर देखणी, पण गर्दीत शिरायला बिचकायची. नऊ वर्षांचा एक म्हातारा घोडा होता, त्याला लोक ‘कायमचा तिसरा’ म्हणायचे आणि तो त्या नावाला जागायचा. उरलेले तेरा म्हणजे खोगीरभरती. या अंतरावर एक किलो म्हणजे साधारण दीड घोडाभर अंतर. गोगलगाय खरा सत्तावन्नचा घोडा असेल तर साडेसात किलो त्याला फुकटात मिळाले होते. म्हणजे तो शर्यत सुरू होण्यापूर्वीच अकरा घोडे पुढे उभा होता. बाईंनी ती बेरीज दोनदा केली आणि पेन्सिल खाली ठेवली.

त्या संध्याकाळी घरी त्यांनी एक नियम मोडला. अकरा वर्षांत त्या घरात घोडा हा शब्द उच्चारला गेला नव्हता. जेवणं झाल्यावर धाकटा स्वतःचा सदरा इस्त्री करत होता. दिवसभर दुसऱ्यांचे कपडे केल्यावर तो आपला एक सदरा अगदी सावकाश करायचा. बाईंनी वही त्याच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. शुक्रवारी दुपारी बारानंतर घोड्याचं नाव मागे घेता येत नाही. अंक निघतो शुक्रवारी संध्याकाळी. म्हणजे मऊसाहेब अडकला. घोडा पळवला तर पंच विचारणार, हा अचानक कसा पळाला. अडवला तर सगळं मैदान डोळ्यांत तेल घालून बघणार. इकडे आड, तिकडे विहीर. आणि त्याची माणसं रविवारी दुपारी पंचवीसच्या भावानं पैसे लावायला जातील तेव्हा भाव उरलेलाच नसेल.

धाकट्यानं इस्त्री उभी केली. वहीचं पान बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, “आणि पंचांनी विचारलं की तो बोट कोणाकडे दाखवणार, ताई?”

बाईंनी वहीचा कोपरा सरळ केला.

“जॉकीकडे. माझ्या वेळी दाखवलं तसंच. वाईट संगतीत सापडला. तुझ्या एका लेखात चार घरं जातील आणि तो हॅट काढून वाईट वाटल्याचं सांगेल.”

हे बाईंच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि त्यांनी ते बाजूला सारलं होतं. सूड घ्यायला निघालेलं माणूस वाटेतल्या माणसांकडे बघत नाही. त्या म्हणाल्या, चार जणांसाठी मी आता थांबायचं का? आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा कडक निघाला.

धाकट्यानं पानावर बोट ठेवलं. जॉकीच्या नावांचा रकाना होता, बाईंनी तो नेहमीच्या सवयीनं भरला होता आणि कधी सलग वाचला नव्हता. चार शर्यतींना चार वेगळे जॉकी. एकमेकांशी न बोलणारे, दोघांचं तर हाडवैर.

“मी एकटा होतो,” धाकटा म्हणाला. “एक माणूस वाईट संगतीत सापडू शकतो. चौघं चार दिशांचे, आणि चौघांना तेच सत्तावीस सेकंद? त्यांचे हात वेगळे आहेत. लगाम एकाच्याच हातात होता. हे असं मांड. घोडा मधे ठेवू नकोस, हा रकाना मधे ठेव.”

एवढं बोलून त्यानं इस्त्री उचलली आणि सदऱ्याची कॉलर करायला घेतली. त्या पहिल्या रात्रीनंतर अकरा वर्षांत तो त्या विषयावर बोलला तो एवढाच.

बाईंनी बुधवारी दिवसभर लेख लिहिला आणि रात्रभर खोडला. शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासलेला हात होता, त्यात एक विशेषण राहू दिलं नाही. ‘लबाडी’ नाही, ‘संशय’ नाही, मऊसाहेबाच्या नावापुढे मान देणारा ‘श्री.’सुद्धा व्यवस्थित. वर पहिली पसंती म्हणून गोगलगाय. खाली चौकट, तीत चार तारखा, चार जॉकी, चार प्रकारचं मैदान, आणि चार वेळा सत्तावीस. पाचवी ओळ पहाटेच्या रपेटीची, साडेतेवीस, स्वाराचं वजन सत्तर. मथळा मात्र त्यांनी स्वतःला बक्षीस म्हणून दिला: ‘गोगलगाय आणि पोटात पाय’.

संपादकांनी गुरुवारी तो वाचला आणि चष्मा काढून पुसला, मग पुन्हा वाचला. ते भले गृहस्थ होते, पण त्यांच्या भलेपणाला कोर्टाची फार भीती वाटायची. त्यांचं म्हणणं असं की राखाडीला पहिला द्यावा, गोगलगायीचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात जाता जाता करावा, म्हणजे साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. बाईंनी विचारलं, यात खोटी असलेली एक ओळ दाखवा. त्यांना ती दाखवता येईना. मग त्या म्हणाल्या की ‘दुर्बीण’ची जागा कोरी सोडायची असेल तर सोडा, पण वाचक विचारतील तेव्हा कारण तुम्हीच सांगा. संपादकांनी चष्मा पुन्हा काढला. शेवटी म्हणाले, “बाई, तुमचं आणि त्यांचं काही जुनं आहे का?”

“आहे,” बाई म्हणाल्या. “पण सत्तावीसचे अठ्ठावीस करण्याइतकं नाही.”

लेख छापला गेला.

शुक्रवारी संध्याकाळी अंक बाहेर पडला आणि शनिवारी सकाळी गोगलगायीचा भाव पंचवीसवरून आठवर होता. दुपारी चारवर आला. पानाच्या टपऱ्यांवर, न्हाव्याच्या दुकानात, जो तो ती चौकट दुसऱ्याला वाचून दाखवत होता. अकराच्या सुमारास संपादकांचा फोन वाजला. मऊसाहेब होता. त्यानं तक्रार केली नाही, धमकी दिली नाही. लेख अभ्यासपूर्ण असल्याचं सांगितलं आणि दुर्बीणसाहेबांना एकदा पागेवर चहाला पाठवा म्हणाला. संपादकांनी फोन ठेवला आणि ती चौकट पुन्हा एकदा ओळीओळीनं तपासली.

दुपारी आणखी एक माणूस आला, जिने चढून, गुडघ्यावर हात ठेवत. चौकटीतला सर्वांत वयस्क जॉकी. चाळिशीचा, हंगाम संपला की निवृत्त होणार होता. धाकट्याला घोड्यावर बसायला यानंच शिकवलं होतं, आणि बाईंना तो ओळखत होता. त्यानं सांगितलं की दोन मुली शाळेत आहेत, शेवटचे तीन शनिवार राहिलेत, आणि मऊसाहेबाच्या पागेत नाही म्हणायची सोय नसते हे बाईंना दुसऱ्या कोणी सांगायला नको. बोलता बोलता त्याचे डोळे भरले. बाईंनी त्याला पाणी दिलं. त्याची कीव त्यांना आलीच नाही असं नाही, पण ती त्यांनी घशाखाली जाऊ दिली नाही.

“तुमच्यासारखे चौघं आहेत,” त्या म्हणाल्या. “पंच बोलावतील तेव्हा जो पहिला खरं बोलेल तो साक्षीदार. मागाहून बोलतील ते आरोपी. बाकीच्या तिघांना मी अजून हे सांगितलेलं नाही.”

पाण्याचा पेला त्यानं अर्धाच प्यायला होता. “तू अशी नव्हतीस,” तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

रविवारी मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. सुटायच्या वेळी गोगलगायीचा भाव एकाला दोनवर आला होता. मऊसाहेबाची दोन माणसं बुकींच्या रांगेत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली आणि हात हलवत परत आली. पॅडॉकमध्ये घोडे फिरवत होते तेव्हा पंचांपैकी एक जण मुद्दाम खाली उतरून गोगलगायीजवळ उभा राहिला. मऊसाहेबानं जॉकीला वर चढवलं. या वेळी तो काही बोलला की नाही ते बाईंना दिसलं नाही. बोलायला उरलं तरी काय होतं?

परदेशी घोडा अपेक्षेप्रमाणे पुढे सुटला आणि अपेक्षेप्रमाणे दमला. वळणावर राखाडीनं आघाडी घेतली आणि सगळं मैदान उभं राहिलं. गोगलगाय सातवा होता. मग तो बाहेरच्या बाजूला आला, आणि दोन हंगाम ज्याला कोणी पळताना पाहिलं नव्हतं त्या घोड्यानं मान खाली घातली. पुढचं फार थोड्या वेळात झालं. घोडी गेली, म्हातारा गेला, शेवटी एकसष्ट किलोचा राखाडीही मागे पडला. गोगलगाय चार घोडे अंतरानं जिंकला. ज्यांनी पैसे लावले होते ते सगळे, म्हणजे जवळजवळ सगळंच मैदान, एका सुरात ओरडत होतं.

बाई कुंपणाशी उभ्या होत्या. शेवटचे दोनशे मीटर त्यांनी घोडा पाहिलाच नाही. दुर्बीण मऊसाहेबावर लावली होती. आपल्याच घोड्याला जिंकताना पाहून एवढं पांढरं पडलेलं तोंड त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. वर्षभर जपलेला डाव, आणि पदरात एक चांदीचा चषक! तो स्वीकारायला त्याला हसत जावं लागलं. छायाचित्रकारानं आणखी जरा हसा म्हटलं, तेव्हा तो आणखी जरा हसला. बाईंना छातीत काहीतरी ऊबदार पसरल्यासारखं वाटलं. ते चांगलं होतं की वाईट, याची चौकशी त्यांनी केली नाही. अकरा वर्षं उपाशी राहिलेलं माणूस पहिल्या घासाला नावं ठेवत नाही.

पंचांनी बुधवारी चौकशी ठेवली. चारही जॉकींना एकेक करून आत घेणार होते. वयस्क जॉकी ठरल्या वेळेच्या तासभर आधीच येऊन बाकावर बसला होता आणि त्यानं आपल्याला पहिलं घ्या म्हणून विनंती केली. तो आत गेला तो चाळीस मिनिटांनी बाहेर आला. त्यानंतर बाकीच्या तिघांकडे लपवण्यासारखं काही उरलं नाही. मऊसाहेबानं याही वेळी वाईट संगतीचं सांगून पाहिलं म्हणे, तेव्हा एका पंचानं विचारलं, “चौघांची संगत एकच? ती कोणती, ते तरी सांगा.” संध्याकाळी निकाल लागला. मऊसाहेबाचा परवाना दहा वर्षांसाठी रद्द, पागा रिकामी करायची. तीन जॉकींना तीन महिने, वयस्क जॉकीला ताकीद.

बाई त्या कॉरिडॉरमध्ये दुपारपासून उभ्या होत्या. अकरा वर्षांपूर्वी आई याच भिंतीला टेकून उभी होती. मऊसाहेब बाहेर आला, हॅट हातात होती. त्याच्या बरोबर कोणीही नव्हतं. बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, मीच दुर्बीण. तो थबकला, मग त्यानं सवयीनं मान तुकवली. बाईंनी आपल्या भावाचं नाव सांगितलं.

हा क्षण त्यांनी मनात इतक्या वेळा घोळवला होता की त्यातली प्रत्येक छटा त्यांना पाठ होती. नाव ऐकताच त्याचा चेहरा कसा उतरेल, तो काय सबब सांगेल, त्यावर आपण काय म्हणू. मऊसाहेबानं कपाळाला आठी घातली. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता.

“माफ करा,” तो आपल्या मऊ आवाजात म्हणाला. “बरीच मुलं येऊन गेली. कोणता हा?”

त्यानं चोरी केली होती हे बाईंना माहीत होतं. चोरलेली वस्तू त्यानं कुठेतरी टाकून दिली आणि विसरूनही गेला, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं, तो शनिवार, रिकिबीचा पट्टा, ‘फार घाम येऊ देऊ नकोस’. तो नम्रपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “पण लगाम तर त्यानंच खेचला ना?”

“हो,” बाई म्हणाल्या. “तो ते रोज मनाशी म्हणतो. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. दहा वर्षं मोकळी आहेत आता तुम्हाला. सावकाश आठवा.”

त्यानं हॅट घातली आणि तो गेला. त्याचे बूट त्या लांब कॉरिडॉरमध्ये बराच वेळ वाजत राहिले.

बाई घरी आल्या तेव्हा धाकट्यानं जेवण करून ठेवलं होतं. निकाल त्याला लाँड्रीतच कळला होता. त्यानं दहा वर्षांबद्दल काही विचारलं नाही, पागेबद्दल नाही. ताटं मांडली, समोर बसला, आणि अन्नाला हात न लावता म्हणाला, “भेटला?”

“भेटला.”

“मी आठवलो का त्याला?”

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. “नाव घेतल्याबरोबर,” त्या म्हणाल्या. “उभं राहवेना त्याला.”

धाकट्यानं मान हलवली. मग तो जेवायला लागला. दोन घास झाल्यावर त्यानं विचारलं की गोगलगाय बाहेरून आला की आतून. बाईंनी सांगितलं, बाहेरून. तो म्हणाला, चूक केली जॉकीनं, आतली वाट मोकळी असणार, राखाडी कुंपणापासून नेहमी हातभर लांब पळतो. राखाडी कसा पळतो हे याला कसं ठाऊक, असं बाई विचारणार होत्या. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की तो त्यांचा अंक दर आठवड्याला वाचत असला पाहिजे. त्यांनी विचारलं नाही. तो ताटाच्या कडेनं बोट फिरवून वळण कसं घ्यायला हवं होतं ते दाखवत होता, आणि जेवण थंड होईपर्यंत दाखवत राहिला.

त्या रात्री बाईंना गाढ झोप लागली. पश्चात्ताप त्यांना त्या दिवशी झाला नाही आणि पुढेही झाला नाही. मऊसाहेबाच्या पागेला महिन्याभरात दुसऱ्याचं कुलूप लागलं, गोगलगायीच्या पाठीवर पुढच्या हंगामात साठ किलो चढले आणि तो रीतसर, प्रामाणिकपणे हरायला लागला. दुर्बीण बाई आहे हे आता सगळ्या मैदानाला कळलं. ट्रेनर त्यांना वाट देतात, खुर्ची देतात, आणि त्या आसपास असल्या की बोलणं आवरतं घेतात.

वयस्क जॉकीनं ठरल्याप्रमाणे शेवटचे तीन शनिवार पुरे केले आणि तो निवृत्त झाला. अधूनमधून तो बाजारात मुलींबरोबर दिसतो. बाई समोरून येताना दिसल्या की तो रस्ता ओलांडून पलीकडे जातो. बाई त्याला हाक मारत नाहीत.